वरून तिसरी

आमच्या सरांच्या ऑफिसात भिंतीला एकच खिळा होता आणि त्या एका खिळ्यावर कॅलेंडरांचं अख्खं गाठोडं लटकत असायचं. नवीन वर्ष लागलं की सर नवं कॅलेंडर जुन्याच्या वरून अडकवायचे. जुनं काढायचे नाहीत. ओझ्यानं खिळा पार खाली वाकला होता. मी एकदा न राहवून म्हटलं, "सर, खालची काढून टाकू का हो? एक दिवस खिळ्यासकट येईल सगळं खाली."

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या आईवडिलांना घराबाहेर काढायला निघाले होते.

"बाई, खिळा निघाला तर दुसरा ठोकू. त्याच्या बाजूला."

"काढायचं नाही, बाजूला सरकवायचं" हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. डाव्या मनगटावर चालू घड्याळ, उजव्यावर बंद पडलेलं. वेळ विचारली की आधी उजव्याकडे बघायचे, मान हलवायचे, मग डाव्याकडे. नवीन स्कूटर घेतली, तरी जुनी तिच्या शेजारीच उभी. तिच्या डिकीत मांजरीनं संसार थाटला होता, पण दसऱ्याला झेंडूचा हार दोन्ही स्कूटरींना. वहिनी, म्हणजे सरांच्या मंडळी, मला एकदा म्हणाल्या, "मी पहिलीच आहे म्हणून बरं बाई. दुसरी आली असती तर मलाही सरकवलं असतं बाजूला, आणि वर सांगितलं असतं, काढलं नाही हो!"

सर म्हणजे बुऱ्हाणपुरातल्या आमच्या मराठी शाळेचे हेडमास्तर. मध्य प्रदेशात मराठी शाळा असते हे महाराष्ट्रातल्या पाहुण्यांना सांगितलं की ते डोळे मोठे करतात, कौतुक करतात आणि मग आमच्याशी तोडक्यामोडक्या हिंदीत बोलायला लागतात. असो. तो राग वेगळा.

सरांच्या या सरकवण्यामागे एक विहीर होती. ते मूळचे धूलकोटचे. वडिलांनी शेतात नवी विहीर खणली तेव्हा गावानं सांगितलं, जुनी बुजवून टाका. वडिलांनी बुजवली नाही. "आणि मग एक साल असं आलं," सर इथे आवाज खाली आणायचे, "की नवी विहीर कोरडी ठाक पडली. मग पाणी कोणी दिलं?" आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो, "जुन्या विहिरीनं!" प्रार्थनेनंतर, निरोप समारंभात, पालकसभेत, कुठेही ही विहीर निघायची. धूलकोटचे एक पालक एकदा माझ्या शेजारी बसून ही गोष्ट ऐकत होते. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "बाई, त्या विहिरीत आमची म्हैस पडली होती. पाण्याचं मला काही माहीत नाही." मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. नवीन नोकरी होती माझी.

मी शिकवायला होते मराठी. पण नोकरीच्या अर्जात हौसेनं 'कॉम्प्युटरचा कोर्स झाला आहे' अशी एक ओळ लिहून बसले होते. कर्म माझं! त्या एका ओळीपायी शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडला.

त्या कॉम्प्युटरची कथा अशी. तो पहिल्यांदा बंद पडला तेव्हा शनवारा चौकाजवळच्या दुकानातून इमरानभाई आला. गळ्यात साखळी, तोंडात पान, हातात सीडीची थैली. त्यानं दोन बटणं दाबली आणि निदान केलं, "विंडो उड़ गई सर. फॉर्मेट मारना पड़ेगा."

"म्हणजे काय करशील?"

"सब साफ. फिर नई विंडो डालेंगे."

'सब साफ' ऐकून सर खुर्चीतून उठले. "साफबीफ काही करायचं नाही. नवी टाक, पण जुनीच्या बाजूला."

"सर, एक कम्प्यूटर में एक ही विंडो रहती है. डबल का कोई काम नहीं."

"घरात नवी सून आली म्हणून थोरलीला माहेरी धाडतात का रे?"

इमरानभाईनं पान या गालातून त्या गालात सरकवलं. त्यानं बाजूला टाकली. पुढे दरवेळी काहीतरी बिघडलं की तो यायचा आणि सरांकडे न बघताच विचारायचा, "बाजू में ना, सर?" मी नोकरीला लागले तेव्हा त्या पेटीत पाच विंडोज नांदत होत्या. बटण दाबलं की काळा पडदा यायचा आणि त्यावर एकाखाली एक पाच ओळी, पाचही ओळींत अक्षर न् अक्षर तेच नाव. अर्ध्या मिनिटात निवडलं नाही, तर कॉम्प्युटर आपणहून सगळ्यात वरचीत घुसायचा.

आता नावं सारखी, मग ओळखायच्या कशा? सर ओळखायचे. सगळ्यात खालची ती थोरली, सगळ्यात वरची धाकटी, कारण नवी आली की यादीत वर बसायची. इंटरनेट फक्त धाकटीत चालायचं. वरून दुसरी सर्वांनी वाळीत टाकलेली, कारण तिच्यात शिरलं की माऊस हलायचा नाही. प्रिंटर चालायचा वरून तिसरीत. मराठी टायपिंग व्हायचं चौथीत. आणि थोरली? थोरली उघडायची, बराच वेळ घेऊन उघडायची, सूर्यफुलाच्या शेताचं चित्र दाखवायची आणि तशीच बसून राहायची. तिच्यात काहीही चालायचं नाही. सर रोज सकाळी एकदा तरी तिला उघडून बघायचे. म्हणायचे, "हिचं घड्याळ बघा बाई. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही."

म्हणून आमच्या शाळेत साधी टीसी काढायची म्हणजे एक यात्रा होती. चौथीत शिरा, टाइप करा, साठवा, कॉम्प्युटर बंद करा, पुन्हा चालू करा, काळ्या पडद्यावर डोळे लावून बसा, तिसरी पकडा, छापा. पकडायला चुकलं की गेला धाकटीत, पुन्हा पहिल्यापासून. डोईफोडियाहून आलेला एखादा बाप पायरीवर बसून विचारायचा, "बाई, लेकराचा दाखला आज भेटून राह्यला का उद्या येऊ?" आतून सरांची आरोळी यायची, "बाई! वरून तिसरी! वरून तिसरी!" माझ्या हातात सरळ पेन देऊन हातानं लिहायला सांगितलं असतं, तर तो बाप दुपारच्या बसनं गावी पोचला असता. पण नाही. कॉम्प्युटराइज्ड शाळा ना आमची!

अशात एकीकरणाचा आदेश आला. एका आवारात ज्या शाळा आहेत त्यांची मिळून एकच शाळा करायची. आमच्या आवारात पुढे हिंदी शाळा, मागे आम्ही. मध्ये एक चिंचेचं झाड आणि कित्येक वर्षांचा अबोला. एका कागदानं आम्ही एक झालो. म्हणजे काय झालं, तर हिंदी शाळेच्या हेड मॅडम आपलं टेबल घेऊन सरांच्या ऑफिसात आल्या आणि समोरासमोर दोन हेड बसायला लागले. दारावर दोन पाट्या. लोटूभाऊ शिपाई दरेक तासाला दोन घंटा वाजवायचा, एक मराठीची, एक हिंदीची. आधी कोणाची, यावर पहिला आठवडा गेला. शेवटी सरांनीच तोडगा काढला, मधल्या सुट्टीआधी मराठीची पहिली, सुट्टीनंतर हिंदीची. पोरं पहिल्या घंटेला उठायची, दुसऱ्या घंटेला पळायची.

मॅडम खंडव्याच्या. सरांपेक्षा वयानं आणि नोकरीनं बऱ्याच लहान. टेबलावर एक पेन, एक रजिस्टर, बाकी काही नाही. त्यांना मराठी समजायचं सगळं, पण बोलायच्या हिंदीच. पहिल्या दिवशी त्यांनी खिळ्यावरचं कॅलेंडरांचं गाठोडं बघितलं आणि मला हळूच विचारलं, "इसमें इस साल का कौन सा है?" मी म्हटलं, "सबसे ऊपर." त्यांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून खुर्ची अशी फिरवून बसल्या की खिळा दिसणार नाही.

पण खरा काटा वेगळाच होता. शाळा एक, तर हेडही एकच. दुसरा हेड 'अतिशेष', म्हणजे जास्तीचा, म्हणजे बदली. मास्तरांचंही तेच. आणि जास्तीचा कोण ठरवायचा, याचा खात्याचा नियम पोरासोरांनाही पाठ होता: जो शेवटी आला तो आधी जाणार. आदेश आज येईल, उद्या येईल, असं चाललं होतं. स्टाफरूममध्ये सगळे एकमेकांच्या नेमणुकीच्या तारखा मनातल्या मनात लावून बघायचे आणि वरवर एकमेकांना चहा विचारायचे. मी सगळ्यांत कनिष्ठ. मला चहा जरा जास्तच प्रेमानं मिळायचा.

त्यातच दहावीचे बोर्डाचे फॉर्म आले, पोर्टलवर भरायचे. आमच्या मराठीच्या दहावीत मूठभर पोरं राहिली होती. जिल्ह्याच्या ऑफिसातून सरांना तोंडी सांगण्यात आलं होतं, की यंदा पोर्टलवर मराठी माध्यमाची दहावी दिसली नाही, तर पुढच्या साली तो वर्ग नाही. वर्ग नाही म्हणजे हळूहळू मराठी शाखाच नाही. सर हे ऐकून आले तेव्हा त्यांनी उजव्या मनगटावरचं बंद घड्याळ काढलं, पुसलं आणि पुन्हा बांधलं. त्यांची ती पोरं होती हो, केळीच्या बागेत आणि पावरलूमवर काम करून शाळेत येणारी. वर्षभर मराठीत शिकून, फॉर्मवर माध्यम मराठी नाही म्हणून परीक्षेत हिंदीचा पेपर हातात पडला असता, तर काय लिहिणार होती?

मी फॉर्म भरायला बसले आणि धाकटीनं हात वर केले. डिस्क भरली. पोरांचे फोटो चढेनात. पाच विंडोज, प्रत्येकीचा संसार वेगळा, जागा उरणार कुठून? इमरानभाईला बोलावलं. त्यानं पान थुंकून येऊन सांगितलं, "सर, अब तो डबल-डबल निकालनी पड़ेगी. एक रखो, बाकी हटाओ."

सर ऑफिसात येरझारा घालायला लागले. शेवटी थांबले. "एकच काढू. त्यापेक्षा जास्त नाही."

"कौन सी?" मॅडमनी विचारलं.

"ते मी एकटा कसं ठरवू? स्टाफ मीटिंग बोलवा."

आता मी जे सांगतेय त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पण मी शपथेवर सांगते. कॉम्प्युटरमधली कोणती विंडो काढायची हे ठरवायला आमच्या शाळेत दोन्ही माध्यमांच्या शिक्षकांची रीतसर बैठक झाली. इतिवृत्त लिहिलं गेलं. 'विषय क्रमांक एक: अतिशेष विंडो.' मावा जिलेबी आली. गणिताचे चौधरी सर सर्वांत ज्येष्ठ, ते खाकरले आणि म्हणाले, "यात एवढा विचार कसला करून राह्यले? खात्याचा नियम आहे ना. शेवटी कोण आली? धाकटी. मग धाकटी अतिशेष."

खोलीतल्या सगळ्या जुन्या माणसांनी माना डोलावल्या. हिंदीच्याही, मराठीच्याही. इतकं खरं एकीकरण मी त्याआधी बघितलं नव्हतं. कारण कोणी म्हटलं असतं की हा नियम इथे चालणार नाही, तर उद्या त्याच्यावर पाळी आल्यावर दुसऱ्यानं विचारलं असतं, मग तुझ्या बाबतीत का चालावा? जो तो धाकटीला काढायला हात वर करत होता आणि मनातून आपली खुर्ची घट्ट धरत होता. सरही. हो, सरही. एरवी मोडक्या खडूचा तुकडा न टाकणारा माणूस तिथे मान खाली घालून 'नियम म्हणजे नियम' म्हणाला, हे मला तेव्हा फार लागलं.

मॅडमनी एकदाच विचारलं, अगदी हळू, "सर, जो चल रही है उसी को हटाएँगे?"

सर त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "सीनियॉरिटी है, मैडम."

मॅडमनी समोरचं रजिस्टर उघडलं. त्या काय बोलणार? त्याच नियमानं उद्या त्या जाणार होत्या. मी बोलायला हात वर केला होता, अगदी सुरुवातीपासून. पण आमच्याकडे बोलायचा क्रमही ज्येष्ठतेनं. माझी पाळी आली तेव्हा ठराव मंजूर होऊन जिलेबी संपली होती. मी म्हटलं, "अहो, पोर्टल फक्त तिच्यातच उघडतं!" चौधरी सर म्हणाले, "हे आधी सांगायचं ना बाई." मला हसावं का रडावं कळेना.

सरांनी समजूत घातली, "अहो, इंटरनेटची वायर तर तीच आहे ना बाई. थोरलीत उघडेल. थोरली दगा नाही द्यायची." ठराव झाला म्हणजे झाला. थोरलीत शिरून धाकटीचं फोल्डर उडवायचं काम माझ्याकडे. मी बटण दाबलं तेव्हा सर व्हरांड्यात जाऊन चिंचेकडे बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी फॉर्मची शेवटची तारीख. सकाळी कॉम्प्युटर लावला, तर काळ्या पडद्यावर पाचही नावं हजर. सर हरखले. "बघा बाई! आहे की धाकटी! गेली नाही." मी वरचं नाव निवडलं. इंग्रजीत एक ओळ आली, की फाइल सापडत नाही, आणि सगळं ठप्प. यादीत नाव तेवढं राहिलं होतं, आत काही नव्हतं. चौधरी सर मागून म्हणाले, "आपल्या खात्यात अशी पुष्कळ आहेत." कोणी हसलं नाही.

सर म्हणाले, "थोरली लावा." लावली. आम्ही सगळे उभे. सूर्यफुलं आली. मी पोर्टलचं नाव टाकलं. बराच वेळ गोल गोल फिरलं आणि मग पांढरं पान आलं: हे पान दाखवता येत नाही. चौथीत तेच. तिसरीतही तेच. सर मात्र प्रत्येक वेळी खुर्ची पुढे ओढून बसायचे, जसं काही त्यांच्या बघण्यानं उघडणार होतं. मॅडमनी इंटरनेट कॅफेत फोन लावला. शेवटचा दिवस, साऱ्या जिल्ह्याच्या शाळा तिथे रांगेत उभ्या. "शाम तक नंबर नहीं आएगा," कॅफेवाला म्हणाला.

शेजारच्या गल्लीत पावरलूमची खटखट चालू होती. मॅडम म्हणाल्या, "सर, फॉर्मेट."

सरांनी थोरलीच्या सूर्यफुलांकडे बघितलं. मग मला म्हणाले, "बाई, त्या जुन्या विहिरीला पाणी नव्हतंच हो."

"काय?"

"नव्हतं. कधीच नव्हतं. बुजवायचं वडिलांच्या जिवावर आलं, एवढंच. त्यांच्या वडिलांनी खणलेली ना. मग लोकांनी विचारलं की काहीतरी सांगावं लागतं." आणि डोळे पुसावेत तसा त्यांनी चष्मा पुसला. मला इतकं वाईट वाटलं त्या माणसाचं! आदल्या दिवसाचा सगळा राग निघून गेला.

इमरानभाई आला. सीडी काढली, पेटीशी वाकला आणि सवयीनं विचारलं, "बाजू में ना, सर?"

"नाही," सर म्हणाले. "साफ कर."

इमरानभाईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं, खरंच का म्हणून. मी मान हलवली. मग त्यानं बटण दाबलं.

दुपार कलली तेव्हा कॉम्प्युटर उठला. यादी नाही, काळा पडदा नाही, सरळ उघडला. पोर्टल आलं. मी घाईत सारखी चुकीची बटणं दाबत होते म्हणून मॅडम स्वतः टाइप करायला बसल्या आणि सर शेजारी उभे राहून पोरांची नावं सांगायला लागले. त्या पोर्टलची एक खोड होती. माध्यमाच्या चौकटीत 'हिंदी' आपणहून भरून यायचं. प्रत्येक फॉर्मला ते उघडून, खाली जाऊन, मराठी शोधून बदलायला लागायचं. पोर्टल अडखळत होतं, घाई होती, तसंच राहू दिलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. उलट मॅडमच्याच शाखेचे आकडे वाढले असते. पहिल्या फॉर्मला त्यांनी विचारलं, "माध्यम?" सर म्हणाले, "मराठी." दुसऱ्याला विचारलं. "मराठी." तिसऱ्यापासून त्यांनी विचारणं सोडलं. नाव टाकायचं, चौकट उघडायची, हिंदी काढायची, मराठी करायची. दर वेळी. मान वर न करता. सर नावं सांगता सांगता पडद्याऐवजी त्यांच्या बोटांकडेच बघत होते.

सगळे फॉर्म गेले. सरांनी लोटूभाऊला घंटा वाजवायला सांगितलं. त्यानं विचारलं, "कोनती, सर?" सर म्हणाले, "वाजव रे कोणतीही."

थोड्याच दिवसांत जिल्ह्याच्या ऑफिसातून फोन आला. सर फोन नेहमी स्पीकरवर घ्यायचे, कारण त्याचा कानाला लावायचा भाग कधीचा गेलेला होता आणि नवा फोन त्याच्या बाजूला तसाच ठेवलेला होता. त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. मॅडमही समोरच होत्या. त्यांनी आपला ड्रॉवर आधीच रिकामा करून ठेवला होता.

तिकडचा साहेब म्हणत होता, "गुरुजी, ये क्या लिख भेजा आपने? अतिशेष में अपना ही नाम? आप तो सीनियर हैं. नियम से मैडम जाएँगी."

सर म्हणाले, "साहब, नियम से हमने एक बार करके देखा है. जो चल रही थी वही निकल गई."

"क्या? कौन निकल गई?"

"वो जाने दो. आप मेरा नाम डालो. पोर्टल मैडम में खुलता है. मेरे में बस प्रिंटर चलता है."

साहेबाला काही कळलं नसणार. आम्हाला सगळ्यांना कळलं. चौधरी सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मॅडम "सर, ये आप..." एवढं म्हणाल्या आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. सरांनी फोन ठेवला, उजव्या घड्याळात बघितलं, मान हलवली, डाव्यात बघितलं आणि म्हणाले, "तासाची वेळ झाली. बसलात काय सगळे?"

खकनारला बदली झाली त्यांची. निरोपाला पुन्हा मावा जिलेबी. लोक वाट बघत होते, विहीर आता येईल, मग येईल. सर बोलायला उठले, खाली बसलेल्या दहावीच्या पोरांकडे बघितलं आणि म्हणाले, "पेपरवर आधी माध्यम तपासा. मग लिहायला लागा." एवढंच बोलले आणि बसले. जाताना कॅलेंडरांचं गाठोडं मात्र खिळ्यासकट घेऊन गेले. खिळा त्यांच्या हातात आपोआपच आला म्हणे.

ते गेल्यावर लोटूभाऊ त्यांची खुर्ची उचलून कोठीत ठेवायला निघाला. मॅडमनी रजिस्टरवरून मान वर न करता म्हटलं, "लोटूभाऊ, निकालना नहीं. बाजू में सरकाओ."

मी तिथेच उभी होते. मी लगेच बाहेर आले, कारण डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मला कोणाला दाखवायचं नव्हतं.

आता टीसी बघता बघता निघते. डोईफोडियाचा माणूस पायरीवर टेकायच्या आत परत जातो. मराठीची दहावी आहे अजून, मूठभरच, पण आहे; म्हणून ती शिकवायला मीही आहे. प्रिंटरला टेबलावर जागा नव्हती, म्हणून तो मॅडमनी सरांच्या खुर्चीवर ठेवलाय. छापायला लागला की खुर्ची जराशी कुरकुरते, आणि दर वेळी मी मान वर करून बघते.